खोलीच्या तापमानाला झिफ-८: सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅच का फसते

‘काय बे, परत पाणीच?’

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य ऐकू यायला लागतं. बोलणाऱ्याच्या हातात सेंट्रिफ्यूजची नळी असते. वरचा द्रव ताकासारखा पांढुरका आणि तळाला नखाएवढा चिकट थर. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, याच मुलाने याच कृतीने केलेल्या बॅचमध्ये तळाला घट्ट दह्यासारखा गोळा बसला होता. बाटल्या त्याच, तराजू तोच. तरी उतारा (हाती येणारा माल) निम्म्यावर येतो, एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण चाचणीच्या, आलेखातली शिखरं रुंद होतात आणि एखादी बॅच तर भलतीच भुकटी निघते. जूनमध्ये पाऊस झाला की थोडं सुधारल्यासारखं वाटतं, मग जुलैत वेगळ्याच तक्रारी सुरू.

हा त्रास मी तीन उन्हाळे काढला. पदव्युत्तर प्रकल्पासाठी झिफ-८ करणारी मुलं आपल्या भागात आता बरीच आहेत आणि त्यातली अनेक जण मे महिन्यात हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा पदार्थ केलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जस्ताचे आयन आणि २-मिथाइलइमिडाझोल हा लिगँड एकमेकांना जोडत गेले की जाळीदार, सच्छिद्र स्फटिक तयार होतो. आतली पोकळी सुमारे ११.६ अँगस्ट्रॉमची, पण तिचं दार जेमतेम ३.४ अँगस्ट्रॉमचं. २००६ साली याघी यांच्या गटाने तो प्रसिद्ध केला तेव्हा डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये १४० अंशांना २४ तास तापवून केला होता. पुढे २००९ मध्ये हॅनोव्हरच्या गटाने मिथेनॉलमध्ये, काहीही न तापवता, तासाभरात त्याचे नॅनोस्फटिक काढून दाखवले आणि आमच्यासारख्या ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) नसलेल्यांची सोय झाली. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच कुळातल्या पदार्थांसाठी मिळालं, तेव्हापासून तर प्रत्येक दुसऱ्या मुलाला मॉफच (म्हणजे धातू आणि लिगँडचे असे जाळीदार पदार्थ) करायचे असतात.

आता गोम अशी की ‘खोलीचं तापमान’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या खोलीतून येतो. हॅनोव्हरची खोली म्हणजे वीस-बावीस अंश. आमची खोली जानेवारीत सकाळी तेवीस, मे महिन्यात दुपारी अडतीस. केमिकल स्टोअरवर पत्रे आहेत, तिथलं तर विचारूच नका. म्हणजे कृतीतला एक आकडा आम्ही दर महिन्याला बदलत होतो आणि वर ‘आम्ही काहीच बदललं नाही’ असं छातीठोकपणे सांगत होतो.

आधी मी काय चुकीचं धरलं

पहिल्या उन्हाळ्यात मी लिगँडवर संशय घेतला. बाटली जुनी, भुकटी किंचित पिवळसर. नवी बाटली मागवली, पैसे गेले, बॅच तशीच. नंतर सुचलं ते आधी सुचायला हवं होतं: केशनळीत भरून वितळणांक बघायचा. तो १४२ ते १४५ अंशांच्या दरम्यान नेटका आला तर लिगँड ठीक आहे. आमच्या जुन्या बाटलीचा नेटकाच आला. दहा मिनिटांचं काम, पण मी आधी खरेदीचा अर्ज भरला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मिथेनॉल बदलून पाहिलं. तेही व्यर्थ.

खरा धागा सापडला तो आमच्या लॅबच्या मामांमुळे. स्टोअरमधून झिंक नायट्रेटची, म्हणजे ज्यातून आम्ही जस्त घेतो त्या मिठाची, बाटली आणताना ते म्हणाले, ‘सर, ह्यात पाणी कोण घातलं? परवा तर खडे होते की.’

बाटलीतलं मीठ वितळतं

पाणी कोणीही घातलं नव्हतं. झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट सुमारे ३६ अंशांना स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं. पुस्तकात हा आकडा असतो, पण कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, कारण जिथे पुस्तकं लिहिली जातात तिथे खोली ३६ अंशांना जात नाही. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या फळीवर बाटली दिवसभर द्रव, पहाटे पुन्हा खडा. या रोजच्या वितळण्या-गोठण्यात झाकण पुरेसं घट्ट नसेल तर पाणी कमी-जास्त होतं. हे मीठ ओलावा खेचणारं आहे, त्यामुळे पहिल्या पावसानंतर तर ते खुशाल पाझरतं. वरून खरवडलेला खडा आणि तळाचा ओलसर भाग एकाच रचनेचे असतील, असं मग कशाच्या जोरावर म्हणायचं?

तराजू मात्र प्रामाणिक असतो. १.४९ ग्रॅम मोजले की तो १.४९ ग्रॅमच दाखवतो. त्यातला दहावा भाग जादाचं पाणी असेल तर खरं मीठ १.३४ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोलऐवजी साडेचार. जस्ताला लिगँडचं गुणोत्तर १:८ धरलं होतं ते १:८.९ झालं. मिथेनॉलमध्ये एवढ्याने बॅच मरत नाही, पण कणांचा आकार सरकतो, उतारा घसरतो आणि मागच्या महिन्याच्या बॅचशी तुलना करायला तोंड उरत नाही.

यावर मुलं हमखास एक उपाय करतात: मीठ ओव्हनमध्ये ठेवून ‘वाळवतात’. कृपा करून करू नका. स्फटिकजल अर्धवट उडतं, किती उडालं ते कळत नाही आणि जास्त तापलं तर बेसिक नायट्रेट तयार होऊन मिथेनॉलमध्ये पांढरा न विरघळणारा गाळ राहतो. आधी निदान वजन चुकीचं होतं, आता पदार्थही चुकीचा.

आम्ही वजनावर विश्वास ठेवणंच सोडलं. अंदाजे १४.९ ग्रॅम मीठ घेऊन मिथेनॉलमध्ये १०० मिलीचं साठा-द्रावण करायचं आणि त्यातलं जस्त ईडीटीए अनुमापनाने मोजायचं. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात सगळ्यांनी केलेलंच आहे: साठ्यातलं १ मिली घेऊन पाण्याने १०० मिली करायचं, त्यातले २० मिली फ्लास्कमध्ये, अमोनिया बफरने पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ०.०१ मोलर ईडीटीए. साठा बरोबर ०.५ मोलर असेल तर ब्युरेट १० मिलीला आली की फ्लास्क वाइनसारखा लाल रंग सोडून निळा होतो. ९.१ ला झाला तर साठा ०.४५५ आहे, बॅचसाठी त्या प्रमाणात साठा जास्त घ्या. मीठ ओलं आहे की कोरडं याची चिंता संपली.

एक कोरं अनुमापनही करा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचं. आमच्याकडे ते पाणीच लालसर झालं. म्हणजे डिस्टिलेशन प्लांटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम पुढे येत होतं. कॉइलवर पांढरा जाड थर चढला होता. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मग आलं की साठवायचं आणि प्लांट भरभरून पळवायचा, त्यात पाणी उसळून पुढे जातं. थर काढला, प्लांट सावकाश चालवला, कोरं अनुमापन पहिल्या थेंबाला निळं झालं. हा शोध झिफसाठी लागला नव्हता, पण विभागातल्या इतर तिघांचे आकडे त्याने सुधारले.

उष्णतेने बॅच बिघडत नाही, बारीक होते

मीठ सुधारल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा मात्र मला बराच काळ चकवत राहिला, कारण मी समजत होतो की उन्हाळ्यात अभिक्रिया ‘होत नाही’. उलट होतं. ती फार चांगली होते.

मिथेनॉलमध्ये लिगँड भरपूर असताना तापमान वाढलं की जस्त आणि लिगँड लवकर जुळतात, एकाच वेळी असंख्य केंद्रकं (स्फटिकांची पहिली बीजं) जन्माला येतात. जस्त तर तेवढंच आहे. पातेल्यातला भात दहा पानांत वाढायचा की शंभर पानांत, एवढाच प्रश्न. पानं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. म्हणून मे महिन्याचे कण जानेवारीपेक्षा लहान निघतात. एक्सआरडीची रुंद शिखरं त्याचीच खूण आहेत, अस्फटिकतेची नव्हेत. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर झिफ-८ चं पहिलं मोठं शिखर ७.३ अंशांजवळ येतं, मग १०.४, १२.७, १४.७, १६.४, १८.०. ही सगळी जागच्या जागी असतील आणि नुसती रुंद असतील तर पदार्थ बरोबर आहे. शिखराची रुंदी आणि कणाचा आकार जोडणाऱ्या शेररच्या सूत्राने ७.३ अंशांच्या शिखराची रुंदी ५० नॅनोमीटरला साधारण ०.१६ अंश येते, २५ नॅनोमीटरला त्याच्या दुप्पट. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला विसरू नका, नाहीतर सगळेच कण लहान दिसतात.

मग उतारा का घटतो? कारण तो आपण बेसिनजवळच्या कॅनमध्ये ओततो.

कण तळाला बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. ८० नॅनोमीटरचा कण ५० चा झाला की वेग अडीच पटीने कमी. हिवाळ्यात २० मिनिटांत स्वच्छ होणारी नळी उन्हाळ्यात ५० मिनिटं मागते. आम्ही वर्षभर २० मिनिटंच फिरवत होतो, वरचा पांढुरका द्रव ‘धुण्याचं मिथेनॉल’ म्हणून टाकत होतो आणि त्यातच आमचं झिफ जात होतं. त्यात कॉलेजचं सेंट्रिफ्यूज ४००० फेऱ्यांचं. त्रिज्या १० सेंटीमीटर धरली तर ते गुरुत्वाच्या १८०० पटींच्या आत येतं. दुपारी व्होल्टेज पडलं आणि फेऱ्या ३५०० झाल्या तर जोर आणखी चौथाईने उतरतो, कारण तोही फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे चालतो. म्हणजे गरमी, बारीक कण, पडलेलं व्होल्टेज आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नळ्या बाहेर काढणारा घाईतला मुलगा, असे चौघे मिळून उतारा खातात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. वरचा द्रव टाकण्याआधी काचेच्या नळीत घ्या, खोली अंधारी करा, लेझर पॉइंटर मारा. किरणाची रेघ ठळक दिसली तर माल अजून द्रवातच आहे. पुन्हा फिरवा. आणखी एक: धुताना दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला द्रव पहिल्यापेक्षा जास्त पांढरा दिसतो, कारण उरलेले आयन निघून गेले की कण एकमेकांपासून दूर राहायला शिकतात. तेव्हा तिसऱ्या धुण्याला वेळ वाढवायचा, कमी नाही करायचा. मुलं नेमकं उलट करतात, तोवर जेवणाची सुट्टी झालेली असते.

सेंट्रिफ्यूज पुरत नाही म्हणून काही जण मिश्रण रात्रभर तसंच ठेवतात. कण वाढतात आणि बसतातही, पण मग ती एका तासाची बॅच राहत नाही. प्रबंधात ‘एक तास’ लिहायचं आणि रात्रभर ठेवायचं, हे चालणार नाही.

माठ, टब आणि २८ अंश

तर तापमान बांधून घ्यायचं. कितीवर? पहिला मोह २५ अंशांचा होतो. मी तो टाळला. मे महिन्यात दिवसभर २५ राखायचं तर बर्फाच्या मागे धावावं लागतं आणि दोन आठवड्यांत सगळे कंटाळतात. वर्षभर झेपेल असा आकडा हवा. आम्ही २८ धरला. जानेवारीत त्यासाठी तांब्याभर कोमट पाणी पुरतं आणि मे महिन्यात माठ.

माठाला हसू नका. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि खोली ३८ असताना माठातलं पाणी सहज दहाएक अंश खाली राहतं. स्टोअरमधून एक जुना माठ मामांनीच आणून दिला. प्लॅस्टिकच्या टबात माठाचं पाणी, त्यात दोन्ही फ्लास्क गळ्यापर्यंत बुडवलेले. लागलंच तर बर्फाचे दोन-तीन खडे. जुलैत हवा दमट झाली की माठ गार करत नाही, पण तेव्हा खोलीच २८-२९ ला आलेली असते.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. थर्मामीटर भिंतीवर नाही, फ्लास्कमध्ये. पत्र्याखालून आणलेलं मिथेनॉल टबात अर्धा तास बसल्याशिवाय २८ ला येत नाही. आणि पिपेट भरायचं तेही टबातून काढलेल्या साठ्यातूनच. मिथेनॉल तापलं की चांगलंच फुगतं, दर अंशाला हजारात साधारण १.२ भाग. २२ आणि ४० अंशांमध्ये आकारमानात दोन टक्क्यांचा फरक पडतो, पाण्याच्या कित्येक पट जास्त.

आमची आजची कृती अशी. साठ्यातून ५ मिलिमोल जस्त घेऊन मिथेनॉलने १०० मिली करायचं. वेगळ्या फ्लास्कमध्ये ३.२८ ग्रॅम लिगँड १०० मिली मिथेनॉलमध्ये. दोन्ही २८ ला आल्यावर चुंबकीय ढवळणी जोरात चालू ठेवून जस्ताचं द्रावण लिगँडमध्ये एकदम ओतायचं. थेंबाथेंबाने नाही, आणि लिगँड जस्तात नाही. पहिल्या क्षणापासून प्रत्येक जस्ताला भोवती लिगँडची गर्दी दिसली पाहिजे. एक तास ढवळणं, मग सेंट्रिफ्यूज, मग ताज्या मिथेनॉलने तीनदा धुणं. सगळं जस्त झिफमध्ये आलं तर १.१४ ग्रॅम मिळेल, पण तेवढं कोणालाच मिळत नाही. निम्म्याच्या आसपास आलं तर समाधान मानावं आणि मुख्य म्हणजे ते दर महिन्याला तेवढंच यावं.

बॅच बरोबर चालली आहे का हे एक्सआरडीची वाट न बघता कळावं म्हणून आम्ही शाळेतलाच एक प्रयोग वापरतो. सोडियम थायोसल्फेट आणि आम्लाच्या प्रयोगात कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात ना, तसं. चंचुपात्राखाली फुली, स्टॉपवॉच, आणि वेळ वहीत. आपल्या खोलीत आपल्या कृतीचा जो वेळ येईल तो आपला. एखाद्या दिवशी तो लक्षणीय बदलला तर तिथेच थांबा. तापमान, साठा, गुणोत्तर यांपैकी काहीतरी हललेलं आहे. सॅम्पल हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला पाठवून, पंधरा दिवस थांबून, रुंद शिखरांचा आलेख हातात घेऊन हळहळण्यापेक्षा हे स्वस्त.

भांडी धुताना एक लक्षात ठेवा. काचेवर चिकटलेला जुन्या बॅचचा पातळ पांढरा थर पुढच्या बॅचला बीज पुरवतो. झिफ-८ आम्लात विरघळतं, तेव्हा पातळ ॲसेटिक आम्लाने खळखळून घ्यायचं आणि मग आम्लाचा मागमूस राहणार नाही इतकं डिस्टिल्ड पाण्याने.

भलतीच भुकटी: मिथेनॉलऐवजी पाणी

ही तक्रार वेगळी आहे आणि तिचा ऋतूशी संबंध नाही. मिथेनॉल महाग, शिवाय त्याची नोंद ठेवायची कटकट, म्हणून कोणीतरी तीच १:८ ची कृती पाण्यात करतो. पांढरा साका छान पडतो, चांगला भरपूर पडतो, मुलगा खूश. एक्सआरडीत सात अंशांजवळ काहीतरी दिसतं, पुढे अनोळखी शिखरांची गर्दी. बीईटी (वायू शोषवून पृष्ठफळ मोजायची चाचणी) केली तर पृष्ठफळ जेमतेम दीड-दोनशे चौरस मीटर, जिथे झिफ-८ ला हजाराच्या बऱ्याच वर जायला हवं.

हे बिघडलेलं झिफ-८ नाही. हा झिफ-एल नावाचा वेगळाच पदार्थ आहे, त्याच घटकांचा पण थरांचा, पानासारख्या चपट्या स्फटिकांचा. पाण्यात १:८ या प्रमाणाला तो मिळतो हे २०१३ पासून माहीत आहे. ओळखायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नको. जीवशास्त्र विभागात जा आणि ४०० पटींच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघा. काही मायक्रॉन लांबीची टोकदार पानं दिसली तर झिफ-एल. नॅनो झिफ-८ तिथे नुसतं धुकं दिसतं.

पाण्यात खरंखुरं झिफ-८ करता येतं, पाच मिनिटांत. २०११ साली सौदीतल्या काउस्ट विद्यापीठाच्या गटाने ते दाखवलं. (बाहेर आमच्यासारखंच ऊन, पण त्यांच्या खोलीला एसी असणार.) मात्र त्यांचं गुणोत्तर १:७० आहे. आमच्या ५ मिलिमोल जस्ताला ३.२८ ऐवजी जवळपास २८.७ ग्रॅम लिगँड. मिथेनॉलचे वाचवलेले पैसे लिगँडमध्ये दामदुप्पट जातात. ट्रायइथिलअमाइन घालून लिगँड बरंच कमी करता येतं, पण तो वास घेत एप्रिलमध्ये बसायची तयारी हवी. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करणाऱ्याने मिथेनॉलच घ्यावं.

शिखरं बरोबर, पृष्ठफळ कमी

इथे बहुधा दोष वाळवण्यात असतो. पोकळीत न जुळलेला लिगँड आणि मिथेनॉल अडकलेलं असतं आणि दार ३.४ अँगस्ट्रॉमचं असल्याने ते निवांत बाहेर येतं. तीनदा नीट धुणं, मग ताज्या मिथेनॉलमध्ये रात्रभर भिजवून ठेवणं, मग हवेवर सुकवून निर्वातात १२० ते १५० अंशांवर काही तास. निर्वात ओव्हन नसेल तर ज्यांच्याकडे बीईटी करता त्यांना डीगॅसिंगचा (मोजण्याआधी पोकळ्या रिकाम्या करण्याचा) वेळ वाढवायला सांगा, नाहीतर ते आपल्या ठरलेल्या वेळातच उरकतात.

मिथेनॉल वाचवायला पाण्याने धुऊन रात्रभर पाण्यातच ठेवू नका. थोडं झिफ आणि भरपूर पाणी अशी गाठ पडली की ते हळूहळू सुटत जातं.

मिथेनॉलने ओली भुकटी बंद हॉट एअर ओव्हनमध्ये कधीही सरकवू नका. मिथेनॉलचा भडकांक ११-१२ अंशांचा आहे, म्हणजे सोलापुरात ते बाराही महिने पेट घ्यायला तयार. आधी फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या (आणि त्यासाठी हूडमध्ये रचलेल्या जुन्या बाटल्या एकदा काढा). जवळ बर्नर पेटता नको. लिगँड त्वचेला आणि डोळ्यांना जाळणारा आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, कितीही घाम आला तरी.

रंगाच्या पाण्यात टाकलं आणि झिफच गायब

चादरी आणि टॉवेलच्या गावात मॉफ केलं की पुढचा प्रकल्प रंगाच्या सांडपाण्याचा असणार, हे ठरलेलंच. काँगो रेड हा रंग प्रयोगशाळेच्या पाण्यात छान शोषला जातो, डाइंगच्या खऱ्या पाण्यात मात्र दुसऱ्या वापराला भुकटी उरत नाही. आधी पीएच बघा. पाणी आम्लधर्मी असेल तर झिफ-८ विरघळतं आणि जस्त पाण्यात जातं, म्हणजे रंग काढता काढता धातू घातला. फॉस्फेटही त्याला फोडतं, तेव्हा फॉस्फेट बफरमध्ये ‘स्थिरता’ तपासू नका. गाळलेल्या पाण्यात वरच्याच ईडीटीएने जस्त पाहता येतं, पण खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही तेच ईडीटीए खातात, म्हणून झिफ न टाकलेल्या पाण्याचं अनुमापन शेजारी हवंच.

जुलैच्या तक्रारी

त्या झिफच्या कमी आणि इतरांच्या जास्त. तांब्याचा एचकेयूएसटी-१ हा मॉफ कोरडा असताना गडद निळा-जांभळा असतो. पावसाळ्यात वजन करेपर्यंत तो फिकट आकाशी होतो, कारण तांब्यावर पाणी बसलं. पदार्थ बहुतेक वेळा वाचलेला असतो, पुन्हा निर्वातात तापवा. मात्र दमट हवेत आठवडे उघडा ठेवला तर मग नाही.

सीझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोस्फटिक करणाऱ्यांचं दुःख याहून मोठं. डायमिथाइलफॉर्मामाइडमधलं द्रावण टोल्युइनमध्ये टाकलं की अतिनील दिव्याखाली हिरवी झळाळी यायला हवी. जुलैत ती येते आणि डोळ्यांदेखत मावळते किंवा येतच नाही, तळाला पांढरट भुकटी. टोल्युइन आण्विक चाळणीवर कोरडं करून घ्या, डायमिथाइलफॉर्मामाइडची बाटली उघडी ठेवू नका आणि ओलेइलअमाइन-ओलेइक आम्लाचं प्रमाण डोळ्याने नाही, पिपेटने मोजा. अमाइन जास्त झालं तरी तीच पांढरी भुकटी मिळते, तेव्हा दोष नेहमी पावसावर ढकलू नका. आणि शिशाचं कोणतंही धुणं बेसिनमध्ये नको, वेगळ्या कॅनमध्ये.

झिंक नायट्रेटची बाटली आता पत्र्याखाली नसते. विभागातल्या जुन्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, डेसिकेटरच्या डब्यात ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडत नाही, नाहीतर आत दव धरतं. मामांनी डब्यावर स्केचपेनने लिहिलंय: ‘उन्हात पाणी होतं. खाऊ आत ठेवू नये.’